ओ दिली की हलायचं नाही

१

दर गुरुवारी धुळ्याहून येणारी एस.टी. अमळनेर स्टँडात शिरली, की तिच्यातून आधी एक छत्री उतरायची, मग एक पिशवी, आणि या दोघींना खाली कुणी मारत नाही अशी खात्री पटल्यावर झुलाल मिस्तरी उतरायचा. नोव्हेंबरात छत्री कशाला, असं त्याला कुणी विचारायचं नाही. चाळीस वर्षं धुळ्यात रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाचा हवेवर विश्वास उरत नाही.

पितांबर नाना घरी त्याची वाटच बघत असायचे. नाना सातवी पास, आठवी नापास, आणि खोड्यांमध्ये पदवीधर. तेलाच्या कारखान्यात फिटर होते. कारखाना कधीच बंद पडला, नाना अजून चालू होते. वय चौऱ्याहत्तर. गल्लीत त्यांच्या तावडीतून सुटलेलं एकही माणूस नव्हतं. शेजारच्या पुष्पाबाईंना त्यांनी एकदा सांगितलं होतं, की गच्चीवरच्या पापडांचा आकडा सरकारला कळवायचाय. बाई बिचाऱ्या दोन वेळा मोजून आल्या.

त्या गुरुवारी नानांनी खुर्चीच्या गादीखाली भाजलेले चार पापड ठेवले होते. झुलाल बसला. कडाड्!

झुलाल जागच्या जागी गोठला. "नाना, मनं हाड मोडनं का तुनी खुर्ची?"

"दोन्ही जुना शेतस," नाना गंभीरपणे म्हणाले. "कोन पहिले मोडस ते दखू."

हसून झालं, चहा झाला, शेव झाली. मग नानांनी ती रेकॉर्ड काढली. दर गुरुवारी तीच.

ही रेकॉर्ड कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक गोरा इंजिनिअर जाताना खोक्यात टाकून गेला होता, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. कव्हरवर एक काळा माणूस खुर्चीत बसलेला, मांडीवर गिटार, डोळे मिटलेले. नाव इझरा टॉलिव्हर. नाना त्याला इझराभाऊ म्हणत. तो काय गातो ते नानांना कळत नव्हतं, झुलालला तर त्याहून कळत नव्हतं. पण तो करंगळीत नळीचा एक तुकडा घालून तारेवरून असा घसरवायचा, की तार माणसासारखी रडायची. नानांनी कारखान्यात पाव इंची पाइप कापून तसा तुकडा करून पाहिला होता. बोट अडकलं, साबण लावून काढावं लागलं. इझराभाऊबद्दलचा आदर तेव्हापासून दुप्पट झाला.

"ताल चुकत नही तो," झुलाल म्हणायचा. "तालले वाट दखाले लावस."

तिसऱ्या गाण्यात सुई अडकायची, म्हणून तिच्या दांडीवर नानांनी चार आण्याचं नाणं चिकटवलेलं होतं. ते गाणं म्हणजे या घरातलं देवघर. त्यात मध्येच इझराभाऊ सगळ्या तारा तळव्याने दाबून टाकायचा आणि लांब हाक मारायचा, "होऽऽ." मग काहीच नाही. चार टाळ्या वाजवाव्यात इतका वेळ नुसती रेकॉर्डची खरखर. मग पुन्हा तार रडायला लागायची.

त्या चार टाळ्यांच्या जागेत दोघंही आपापल्या कपाकडे बघत बसायचे. कारण ती जागा शेवंताबाईंची होती.

२

शेवंताबाई म्हणजे नानांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली.

ती एरंडोलकडच्या एका खेड्यातली. लग्नाआधी कापूस वेचायला जायची. रेकॉर्ड पहिल्यांदा लागली तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली, पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाली, "हाऊ मानूस कापूस येचेल शे."

"तुले काय समजनं व त्यानं?"

"गानं नही समजनं. कंबर समजनी."

पुढे कितीतरी वर्षांनी नात भाविकाने कव्हरवरचं इंग्रजी वाचून सांगितलं, की खरंच, हा माणूस तिकडे लहानपणापासून कापसाच्या शेतात राबलेला. रेकॉर्डचं नावच आहे 'लांबलचक ओळ'. शेवंताबाईंनी मानही वर केली नाही. "मी त्याच दिवशी सांगं व्हतं," एवढंच.

तिसऱ्या गाण्यातली ती हाकसुद्धा तिनेच ओळखली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेलेली असली, की वेचणाऱ्या बाया एकमेकींना दिसत नाहीत. पुढे गेलेली बाई हाक मारते, मागे राहिलेलीने ओ द्यायची. आणि ओ दिली की जागचं हलायचं नाही. हाक मारणारी तुमच्या आवाजाच्या अंदाजाने ओळी तोडत तुमच्याकडे येत असते. तुम्ही हललात, की ती भलत्याच ओळीत शिरते. आणि ओ आलीच नाही तर? तर सगळ्या बाया ओटीतला कापूस तिथेच टाकून मागे फिरतात.

"हाऊ हाक मारी ऱ्हायना, अन् कोनी ओ देत नही," शेवंताबाई पहिल्याच दिवशी कळवळून म्हणाली होती. तेव्हापासून ते गाणं लागलं आणि इझराभाऊने हाक मारली, की ती हातातलं काम न सोडता आतून ओ द्यायची, "ऊऽऽ." शेवटी थोडासा खाली घरंगळणारा आवाज. भाकरी थापताना, लसूण सोलताना, एकदा तर नानांशी तीन दिवस अबोला असतानासुद्धा. नवऱ्याला नाही, पण इझराभाऊला ओ मिळाली.

३

दिवाळी झाल्यावर भाविकाचं पार्सल आलं. ती पुण्याला असते. आत त्याच रेकॉर्डची नवी आवृत्ती होती, कव्हरवर तोच माणूस, पण आता त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा मोजता येतील असा. एकाच्या जागी दोन जाड रेकॉर्डी आणि एक पुस्तिका. भाविकाने फोनवर समजावलं. "नाना, मूळ टेप सापडली त्यांना. ती साफ केली, खरखर काढली. आणि चौथ्या बाजूला आहे ते आधी कधी बाहेर आलंच नव्हतं."

"म्हंजे इझराभाऊले आंघोळ घाली दिधी," नाना म्हणाले.

गुरुवारी दोघांनी आधी जुनी लावली, मग नवी. झुलालने नवी सुई आणली होती आणि डोळे मिटून, लग्नातल्या मानकऱ्यासारखा तो खुर्चीत बसला. पापड आहेत का ते आधी चाचपून.

काय सांगावं! जुन्या रेकॉर्डीत इझराभाऊ नेहमी पापड तळणाऱ्या बाईच्या पलीकडे बसून गायचा. आता तो उठून या खोलीत आला होता. तारेवर घासणारं नख ऐकू येत होतं. खुर्ची करकरत होती. फळीवर त्याचा बूट पडत होता, एक, दोन, आणि तिसऱ्याला मुद्दाम उशीर. ओळ सुरू करण्याआधी तो जो श्वास घ्यायचा तो ऐकून झुलालच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पंचेचाळीस वरीस," तो म्हणाला, "आपू या मानूसले गोधडीमांगून आयकं, नाना."

नाना मात्र कुरकुरले. धुतलेलं लुगडं दिसतं छान, पण त्याचा वास जातो. ती खरखर नानांच्या ओळखीची होती, तिच्यात त्यांचा संसार झाला होता.

तिसरं गाणं आलं. इझराभाऊने तारा दाबल्या. हाक मारली. "होऽऽ."

खरखर नव्हती, म्हणून शांतता पाण्यासारखी स्वच्छ होती. एक टाळी. दोन. तीन. आणि तिच्या तळाशी, फार लांबून, शेताच्या पार दुसऱ्या बांधावरून यावी तशी,

"ऊऽऽ."

शेवटी थोडीशी खाली घरंगळलेली.

गिटार सुरू झाली. नानांनी सुई उचलली.

"कोनी तरी बाई शे तठे," झुलाल हळूच म्हणाला.

नानांनी भाविकाला फोन लावला. भाविकाने पुस्तिकेची पानं तिच्या मोबाइलवर काढली आणि वाचून सांगितली. बंद पडलेल्या एका दुकानाची मागची खोली होती. एक माणूस, एक खुर्ची, एक माईक. टेप चालवणाराही काचेच्या पलीकडे. मग तिने स्वतःच ते गाणं लावून ऐकलं. "नाना, तिथे तर शांतता आहे. चार सेकंद. कुणीच नाही."

"नीट आयक."

"नाना," भाविका हसली, "ही तुमची नवी खोडी का?"

४

आयुष्यभर लांडगा आला लांडगा आला करणाऱ्याचं हे असं होतं.

नानांनी डोकं चालवलं. पहिला संशय झुलालवर. त्याच्याकडे चाळीस वर्षांचे टेपरेकॉर्डर पडून आहेत. शेवंताबाईचा आवाज कधीतरी भरून ठेवला असेल, खिशातून वाजवला असेल. पापडांचा सूड. मग शुक्रवारी दुपारी, झुलाल धुळ्यात असताना, नानांनी एकट्याने रेकॉर्ड लावली. पुष्पाबाईंकडचा टीव्ही बंद होता. पंखा बंद केला. घड्याळाचा सेलसुद्धा काढून ठेवला.

"होऽऽ."

"ऊऽऽ."

आता बांधावरून नव्हे. परसातून यावी तशी.

नानांचं घर आगगाडीसारखं. पुढची खोली, मग स्वयंपाकघर, मग परस आणि मोरी. तिन्ही दारं एका रेषेत. पुढच्या खोलीतून पाहिलं की स्वयंपाकघराच्या दारातला फुलाफुलांचा पडदा दिसायचा आणि वाऱ्याने तो हलला तर पार मागच्या दाराची कडी. ती लावलेली होती. नानांनी जाऊन पाहिली. लावलेलीच होती.

दुसरा संशय कानांवर. डाव्या कानाला तसंही कमी येतं. पण कमी ऐकू येणाऱ्याला जास्त कसं ऐकू येईल, हे गणित आठवी नापास माणसालाही सुटेना.

तिसरा संशय नानांनी मनात येऊ दिला नाही. तो आपला आपण येऊन बसला.

शेवंताबाई गेली त्या दिवशी नाना बाजारात गेले होते. पोराला, भूपेंद्रला, त्यांनी हेच सांगितलं. झुलाललाही हेच सांगितलं. बाजारातून आलो, बघतो तर ती मोरीशी पडलेली.

नाना बाजारात नव्हते. ते पडद्यामागे होते.

ही त्यांची जुनी खोडी. शेवंताबाई परसात भांडी घासत असली, की पडद्यामागे श्वास रोखून उभं राहायचं आणि ती आत आली की "भॉऽ!" लग्नापासून चालू. पडद्याखालून नानांचे अंगठे दिसायचे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, मग शेवंताबाईंना नसेल? पण ती दर वेळी नीट दचकायची. छातीवर हात ठेवून, "अगं माय वं!" म्हणून. एकदाही चुकली नाही.

त्या दुपारी तिने परसातून हाक मारली. "आयकं का?" नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, हीच तिची हाक. नाना गप्प राहिले. बोललं तर खोडी फुकट. पुन्हा आली, "आयकं का?" नानांनी हसू दाबायला तोंडात धोतराचा सोगा धरला. तिसरी हाक हळू होती. नानांना वाटलं, बाई आली जवळ. ते वाट बघत राहिले. किती वेळ, ते त्यांनी कधी मोजलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी कळतं तर.

तीन हाका. ओ नाही.

आणि आता पुढच्या आठवड्यातल्या रविवारी भूपेंद्र त्यांना कायमचं जळगावला न्यायला येणार होता. घराला कुलूप लागणार होतं. नानांनी स्वतःच होकार दिला होता, कारण या पडद्यासमोर आणखी एक उन्हाळा काढणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

५

मंगळवारी नानांनी चौथी बाजू लावली. आधी कधी बाहेर न आलेली.

तेच तिसरं गाणं होतं, दुसऱ्यांदा वाजवलेलं. हळू. थकलेल्या माणसाने घरी जाता जाता, जोडे काढण्याआधी वाजवावं तसं. इझराभाऊ गातच नव्हता, नुसती गिटार. नानांना ते इतकं आवडलं की भीती विसरून ते मांडीवर ठेका धरू लागले. एक, दोन, आणि तिसऱ्याला उशीर.

हाकेची जागा आली. तारा दाबल्या गेल्या. इझराभाऊने हाक मारली नाही.

खुर्ची करकरली. जणू तोही मान वळवून बघत होता.

मग शांततेतून, अगदी साध्या रोजच्या आवाजात, भांडी घासता घासता मारावी तशी,

"आयकं का?"

नानांचा ठेका मांडीवरच थांबला. ओठ उघडले. आणि सत्तर वर्षांची जीभ, कुणालाही उलटं बोलायला न कचरणारी, टाळ्याला चिकटून राहिली. एक टाळी, दोन, तीन, चार. गिटार सुरू झाली.

तिच्याखालून आता आणखी एक आवाज येत होता. खर्र. खर्र. वाळलेली पऱ्हाटी लुगड्याला घासते तसा. मग तोही थांबला, वाट चुकल्यासारखा.

नानांनी त्या दिवशी चहा केला नाही. पुष्पाबाई वाटीभर मेथीची भाजी घेऊन आल्या आणि नानांनी ती मुकाट्याने, एकही टोमणा न मारता घेतली. बाईंनी घरी जाऊन सुनेला सांगितलं, "नानांना ताप आहे."

६

गुरुवारी झुलाल आला. खुर्चीत काही नव्हतं. त्याने गादी उचलून दोनदा पाहिली आणि घाबरला.

"नाना, बरं शे ना?"

नानांनी चौथी बाजू लावली. झुलाल डोळे मिटून डोलत होता. जागा आली.

"आयकं का?"

स्वयंपाकघरातून आली ही. ओट्याशी उभं राहून मारलेली. आणि जराशी थकलेली.

नाना झुलालकडे बघत होते. झुलालचे डोळे मिटलेलेच होते, पण डोलणं थांबलं होतं. गाणं संपलं. सुई मधल्या गोल रेषेत फिरत राहिली, टक्, टक्.

"काय आयकं तू?" नानांनी विचारलं.

"गिटार."

"अजून?"

"गिटारच." झुलाल उठला, पिशवी घेतली. दारापर्यंत गेला, परत वळला आणि पडद्याकडे न बघता म्हणाला, "नाना, मनी माय सांगे. तीन हाका व्हयाशिवाय ओ देवानी नही. एक-दोन हाका कोनी बी मारस. तिसरी मारस तो आपला मानूस."

"अन् तिसरीले बी ओ नही दिधी तर?"

नानांचा आवाज असा होता, की झुलाल पुन्हा बसला. मग नानांनी त्याला सांगितलं. पडदा, धोतराचा सोगा, तीन हाका. पन्नास वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा नाना दहा मिनिटं बोलले आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

झुलालने पिशवी खाली ठेवली. मग नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वहिनी तुले दर वखतले दखे रे, पितांबर. पडदाखाले तुना अंगठा. त्या दिवशी बी दखाच व्हई तिनी. तू आठेच शे, हाई तिले माहीत व्हतं."

यात समाधान होतं की शिक्षा, ते नानांना कळेना. झुलाललाही ठाऊक नसावं. तो चहा न घेता निघून गेला आणि छत्री विसरला. झुलाल छत्री विसरला!

७

रविवारी सकाळी अकरालाच नानांची बॅग बांधून झाली. भूपेंद्र बाराला येणार होता. देव डब्यात गेले, भांडी पुष्पाबाईंकडे. फक्त रेकॉर्ड प्लेअर राहिला. झुलाल छत्री न्यायच्या निमित्ताने आला होता आणि कोपऱ्यात, ती छत्री मांडीवर आडवी धरून बसला होता.

उन्हाचा पट्टा मागच्या दारावरच्या झरोक्यातून स्वयंपाकघर ओलांडून पडद्यावर आला होता. फुलं उजळली होती. नानांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, दाढी केली होती. लग्नाला जावं तशी.

"नाना, ऱ्हाऊ दे," झुलाल म्हणाला. "जळगावले जाईसन लावू."

"तठे ती कशी येई? ओळ माहीत नही तिले तठली."

सुई टेकली. इझराभाऊने श्वास घेतला. ती थकलेली, घरी निघालेली गिटार सुरू झाली आणि नानांना वाटलं, जगात याहून मायेने कुणी कधी तार छेडली नसेल. हा माणूस त्या बंद दुकानात, एका खुर्चीत बसून, कुणासाठी एवढी जागा सोडून ठेवत होता? त्याचंही कुणी मागे राहिलं असेल ओळीत.

तारा दाबल्या गेल्या.

एक टाळी.

"आयकं का?"

हळू. त्या दिवशीच्या तिसऱ्या हाकेसारखी. अगदी जवळून.

"ऊऽऽ," नानांनी ओ दिली.

मोठ्याने दिली. गल्लीत ऐकू जावी अशी, दोन वर्षं छातीत अडकलेली. आणि खुर्चीचे हात धरून ते जागच्या जागी बसले.

गिटार पुढे गेली, संपली. सुई आत सरकून टक् टक् करू लागली. झुलालने हात लांबवून ती उचलली. आता प्लेअरमधून काहीच येत नव्हतं.

खर्र. खर्र.

स्वयंपाकघरात. डबे हलवून रिकाम्या केलेल्या, काहीही घासायला न उरलेल्या स्वयंपाकघरात. दोन पावलं, थांबणं. पुन्हा दोन पावलं. अंदाज घेत. मग थांबलं.

बाहेर हॉर्न वाजला. भूपेंद्र घाईत आत आला. "नाना, झालं ना सगळं? चला, गाडी कुणाच्या तरी दारात लावलीय. झुलालकाका, तुम्ही पण? अरे, असे काय बसलात दोघं?"

"थांब जरा," नाना म्हणाले.

"का? उठा, मी धरतो."

"हालता येवाव नही मले. ओ दिधी शे."

भूपेंद्रने झुलालकडे पाहिलं. झुलाल छत्रीकडे पाहत होता. "नाना, आता कसली गंमत आहे ही?" असं म्हणत भूपेंद्र पडद्याकडे गेला. मागचं दार बंद आहे का बघायला. त्याने हात लांबवला आणि हात तसाच राहिला.

मागच्या दाराची कडी लावलेली होती, वारा नव्हता. पण पडद्यातलं एक फूल, कोपराच्या उंचीवर, थोडं पुढे आलं होतं. पलीकडे कुणी अंग चोरून उभं राहावं तसं. कापडाला कापसाची एक वाळकी पाकळी चिकटली होती. भूपेंद्रचा हात हळूहळू खाली आला. तो दोन पावलं मागे सरला आणि लहानपणी जसा बसायचा तसा, नानांच्या खुर्चीशी जमिनीवर बसला.

नानांनी खाली पाहिलं. पडद्याच्या काठाखाली, उन्हात, दोन अंगठे होते. भेगाळलेले, मातीचे. एकाच्या शेजारच्या बोटात जोडवं.

भीती वाटली. खोटं कशाला? वाटलीच. कारण ते अंगठे ओळखीचे होते, पण त्या अंगठ्यांच्या वर काय असेल, हे दोन वर्षं पलीकडे राहून आलेल्याचं कुणाला सांगता येतं? नानांनी पळून जायचं ठरवलं असतं तर पाय धावले असते.

तेवढ्यात पडद्यामागून एक आवाज आला. फार बारीक. तोंडात पदराचा बोळा धरून हसू दाबल्यावर नाकातून जो सुटतो, तो.

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अख्ख्या अमळनेरला छळलेला तो म्हातारा खुर्चीत ताठ बसला, एक हात दचकल्यावर छातीवर ठेवायला तयार ठेवला, आणि नीट दचकता यावं म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.